दोन हजारांत ट्रायपॉड?

प्रश्न : लेन्ससकट माझा कॅमेरा सव्वा किलोचा. गोकाकचा धबधबा, राजहंसगडावरची पहाट टिपायचीय. दोन हजारांत बरा ट्रायपॉड मिळेल का? – एक वाचक, खानापूर

उत्तर : मिळेल, पण उंचीला भुलू नका. मी भुललो होतो. मधला दांडा वर ओढला की माझा पहिला ट्रायपॉड जोंधळ्याच्या ताटासारखा डुलायचा! कंबरेएवढा, पण घट्ट उभा राहणारा घ्या. भारक्षमता तुमच्या कॅमेऱ्याच्या वजनाच्या दुप्पट, म्हणजे किमान अडीच किलो हवी. दुकानात कॅमेरा लावूनच बघा: लेन्सला टिचकी मारा, थरथर थांबेना तर परत ठेवा. कॅमेऱ्याखाली बसणारी प्लेट सुटी मिळते का, तेही विचारा, ती हरवतेच. लग्नाचे फोटो काढणाऱ्या कुणाचा जुना, जड ट्रायपॉड मिळाला तर डोळे झाकून नको, पण पायांचे खटके तपासून जरूर घ्या.

गडावर वारं फार. सर्वांत खालचे बारीक पाय ओढू नका, दांड्याला पिशवी टांगा, २ सेकंदांचा टायमर लावा. गोकाकच्या झुलत्या पुलावर मात्र महागडा ट्रायपॉडही हरतो; माणूस चालला की पूलच हलतो. काठावरच्या सुरक्षित जागेवरून काढा.