फायबरची बॉडी करायची असेल तर

जुन्या स्पोर्ट्स कारची बॉडी फायबरमध्ये करायची म्हणतोस, जरूर कर. १९५३ ची शेवरले कॉर्व्हेट ही अमेरिकन स्पोर्ट्स कारही फायबरचीच होती. पण भर पावसात गोव्यात थर टाकायला बसू नकोस. दमट हवेत मॅट, म्हणजे काचतंतूंची चटई, ओल धरते आणि तिच्यात मुरवायचा चिकट द्रव, म्हणजे रेझिन, नीट सुकत नाही. ते महिने मूळ नमुना, म्हणजे ज्यावरून साचा काढायचा तो बॉडीचा आकार, घासण्यात घालव. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब त्यात न वाकता दिसलं पाहिजे, कारण नमुन्यावरचा प्रत्येक ओरखडा साच्यात आणि मग बॉडीत उतरतो. कंटाळवाणं काम आहे, पण खरी बॉडी तिथेच घडते.

साच्यात आधी जेलकोट, म्हणजे बॉडीचा बाहेरचा गुळगुळीत थर, साधारण अर्धा मिलिमीटर. बोटाला चिकट लागला पण बोटावर आला नाही, की पहिली पातळ मॅट टाक आणि रोलरने बुडबुडे काढ. कोपऱ्यात बुडबुडा राहिला तर पुढे उन्हात तिथलाच पापुद्रा सुटतो. रेझिन घट्ट करणारं हार्डनर त्याच्या वजनाच्या एक ते दोन टक्के, मे महिन्यात कमीच. कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीच ओतू नकोस, स्फोट होऊ शकतो.

वजन वाढतं ते जास्तीच्या रेझिनने. थर कमी करण्यापेक्षा आतून रिब, म्हणजे आधाराच्या उभारलेल्या पट्ट्या, दे. आणि बॉडी साच्यातून काढायची घाई नको, कच्ची असेल तर वाकते.

हात बसवायला फायबरच्या होड्या बांधणाऱ्यांकडे जा. फक्त होडीची जाडी कारला लावू नकोस रे!