रेंडर करताना स्क्रीन काळी पडते

प्रश्न : रेंडर (थ्रीडी दृश्य किंवा व्हिडिओचे अंतिम चित्र तयार करण्याचे काम) लावला की दहा-पंधरा मिनिटांत स्क्रीन काळी पडते, मग परत येते. ग्राफिक्स कार्ड बदलावे का? – एक वाचक, मडगाव

उत्तर : एवढ्यात नको. आधी इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या प्रोग्रॅममधला सिस्टम लॉग पाहा. ४१०१ ही नोंद असेल, तर कार्डाने २ सेकंदांत प्रतिसाद न दिल्याने विंडोजने ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) पुन्हा सुरू केला आहे. नेट तोडून, सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच गोष्टींसह सुरू करून) डीडीयू (डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर) या प्रोग्रॅमने जुना ड्रायव्हर पुसा, मग नवा टाका. मशीनच रीस्टार्ट होत असेल, तर संशय वीजपुरवठ्यावर : कार्डाच्या ८ पिनी दोन सॉकेटना एकाच केबलची दोन टोके देऊ नका, स्वतंत्र केबली जोडा. आपली किनाऱ्याकडची हवा खारी नि दमट. तेव्हा प्लग काढून कार्ड बाहेर घ्या, त्याच्या जोडणीच्या कडेवरच्या सोनेरी पट्ट्या ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा.