चाळीस मिनिटांचे नाटक : वाचकांचे प्रश्न

गणपतीच्या तोंडावर आलेल्या पत्रांत या वेळी एकांकिकेबद्दलचे प्रश्न सर्वांत जास्त आहेत. त्यांतले पाच निवडले आहेत.

प्रश्न : आमच्या गावात गणपतीत तीन अंकी नाटक व्हायचे. आता मुले नोकरीला बाहेर, तालमीला माणसे जमत नाहीत, म्हणून एकांकिका करू असे आम्ही सुचवले. जाणती मंडळी म्हणतात, नाटककार अण्णासाहेब किर्लोस्करांच्या जिल्ह्यात पाऊण तासाचे नाटक म्हणजे नाटकाची चेष्टा. त्यांना काय सांगावे? (एक वाचक, खानापूर तालुका)

उत्तर : किर्लोस्कर आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, याचा अभिमान हवाच. पण 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात त्यांनी ‘शाकुंतल’ रंगमंचावर आणले, तेव्हा सात अंकांपैकी पहिल्या चारांचाच प्रयोग झाला होता, हेही त्या मंडळींना सांगा. नाटकाची थोरवी घड्याळावर मोजायची नसते.

मात्र त्यांच्या शंकेत एक खरी भीती आहे. मोठ्या नाटकाला कात्री लावून पाऊण तासात बसवले तर चेष्टाच होते. तीन अंकी नाटकाला घर, माणसे, जुनी भांडणे दाखवायला अख्खा पहिला अंक मिळतो. एकांकिकेत पडदा उघडतो तेव्हा गोष्ट कड्यावर आलेली असावी लागते. समजा, थोरला भाऊ वाटणीपत्र घेऊन धाकट्याच्या दारात उभा आहे आणि आज सही हवी आहे. सही होते की नाही, एवढाच प्रश्न. जागा एक, वेळ सलग, पात्रे चार-पाच. आई कोणाकडे राहणार, विहीर कोणाच्या वाट्याला, बहिणीचा हक्क बुडतो का, हे सगळे त्या सहीच्या ओढाताणीतूनच बाहेर येते. प्रश्न काय आहे हे तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला प्रेक्षकाला कळलेच पाहिजे.

सर्वांत जास्त एकांकिका ब्लॅकआउटमुळे पडतात. लेखक भूतकाळात पाच वेळा जातो, म्हणजे जाऊन-येऊन दहा अंधार. एकेक अंधार वीस-पंचवीस सेकंदांचा धरला तरी चार मिनिटे नुसती काळोखात गेली, आणि दर वेळी प्रेक्षक खोकतो, शेजाऱ्याशी बोलतो, मोबाइल काढतो. एकांकिकेची सगळी मोहिनी तिच्या सलगपणात आहे. पहिल्या मिनिटातले वाक्य शेवटच्या मिनिटापर्यंत प्रेक्षकाच्या कानात ताजे असते, म्हणून शेवटी घडते ते कशामुळे घडले हे त्याला कोणी समजावून द्यावे लागत नाही. मध्यंतराचा चहा नाही, धागा तुटत नाही. ही ताकद तीन अंकी नाटकाकडे नाही. त्याच्या ताकदी वेगळ्या.

प्रश्न : कारखान्यात पाळीने काम करून नाटक करतो. आजवर मोठ्या नाटकात नोकर, हवालदार अशाच भूमिका वाट्याला आल्या. एकांकिकेत नटाला नेमके काय मिळते? आणि तालमी किती लागतात? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : मोठ्या नाटकातला हवालदार दोनदा येतो, चार वाक्ये बोलून जातो. पाच पात्रांच्या चाळीस मिनिटांच्या एकांकिकेत जवळजवळ प्रत्येक जण पंचवीस-तीस मिनिटे रंगमंचावर असतो, आणि त्यातला बराच वेळ त्याला वाक्य नसते. समोरचा बोलत असताना ऐकायचे कसे, हे नट इथे शिकतो. आमच्या मते हीच एकांकिकेची नटाला सर्वांत मोठी देणगी आहे. आपले वाक्य आले की जागा होणारा आणि इतर वेळी विझलेला नट मोठ्या नाटकात खपून जातो. इथे तो पहिल्या पाच मिनिटांत उघडा पडतो.

अडचणही तिथेच आहे. मोठ्या नाटकात पहिला प्रवेश ढिला गेला तरी दुसऱ्या अंकात सावरता येते. इथे सावरायला वेळ नाही, पहिले वाक्य भरलेलेच यावे लागते. म्हणून प्रत्येक नटाने आपले पात्र एन्ट्रीच्या आधीच्या तासाभरात कुठे होते, काय खाल्ले, कोणाशी भांडले, हे वहीत लिहून काढावे. एन्ट्रीच्या आधी दहा मिनिटे विंगेत गप्पा बंद.

चाळीस मिनिटांसाठी दोन-दोन तासांच्या अठ्ठावीस ते तीस तालमी धरा. पहिल्या पाच बसून, नुसते वाचन. या वाचनात अभिनयाचा आवाज लावायचा नाही, अर्थ विचारायचा. पुढच्या आठ हालचाली बसवायला. बाराव्या तालमीनंतर हातात संहिता नको, नाहीतर कागदाकडे बघत उभे राहायची सवय अंगात मुरते. वाक्ये घरी पाठ करताना सपाट आणि भरभर म्हणा. घरी एकट्याने चढ-उतारासह पाठ केले की तो सूर पक्का होतो, मग समोरचा नट काहीही करो, तुमचे वाक्य त्याच सुरात येते आणि दिग्दर्शकाला तो मोडता मोडत नाही. शेवटच्या सहा तालमी न थांबता, घड्याळ लावून. स्पर्धेची मर्यादा पस्तीस मिनिटांची असेल तर तालमीत बत्तीसमध्ये संपवा. प्रेक्षक हसतात, टाळ्या देतात, तो वेळ त्यात धरावा लागतो. पाळीमुळे सगळे रोज जमत नसतील तर दोघा-दोघांचे प्रसंग वेगळे बसवा, पण आठवड्यातून दोनदा सगळे एकत्र हवेतच.

प्रश्न : गावातल्या पत्र्याच्या सभागृहात प्रयोग आहे. भाद्रपदात पावसाचा आवाज होतो, आणि एकच मोठा सॉकेट आहे. प्रकाश आणि आवाज कसा जमवावा? (एक वाचक, बेळगाव तालुका)

उत्तर : आधी विजेचा हिशोब. हजार वॅटचा एक हॅलोजन दिवा 230 व्होल्टवर सव्वाचार अँपिअरच्या थोडा वर घेतो. पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर असे तीन दिवे, म्हणजे तेरा अँपिअर. चौथा लावलात की ऐन प्रयोगात फ्यूज जाण्याची वेळ आणता. ध्वनियंत्रणा त्याच वायरीवर नको, नाहीतर उजेड कमी-जास्त करणारा डिमर फिरवला की स्पीकरमधून घरघर येते. भाड्याने एलईडी पार (रंग बदलता येणारे झोताचे दिवे) मिळत असतील तर तेच घ्या, वीज फारच कमी लागते. फक्त चेहऱ्यावर त्यांचा निळा किंवा हिरवा मारू नका, माणूस आजारी दिसतो. दोन दिवे समोरून, डाव्या-उजव्या बाजूंनी, साधारण पंचेचाळीस अंशांत, आणि तिसरा मागून खांद्यावर. एका घरात घडणाऱ्या एकांकिकेला एवढे पुरते.

पत्र्यावर सर कोसळली की टांगलेले माइक नटाबरोबर पाऊसही उचलतात आणि दोन्ही मोठे करून देतात. त्यापेक्षा रंगमंचाच्या कडेला, पाच-सहा फुटांच्या अंतराने, तीन माइक जमिनीलगत ठेवा. खाली फोमचा तुकडा घाला, म्हणजे पावलांचा धडधडाट येणार नाही. स्पीकर माइकच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून; मागे राहिले की शिट्टी वाजणारच. याहून चांगला उपाय म्हणजे उंच रंगमंच सोडून दीड फुटाच्या चौथऱ्यावर खेळणे आणि शंभरेक प्रेक्षकांना तिन्ही बाजूंनी जवळ बसवणे. एकांकिकेला ही जवळीक मानवते. शेवटच्या रांगेतल्या आजीलाही नटाचे डोळे दिसले पाहिजेत.

उघड्या मैदानात करणार असाल तर रात्री दहानंतर ध्वनिवर्धक चालवता येत नाही. सणाच्या काही दिवसांपुरती सवलत मिळाली असेल तर गोष्ट वेगळी. आरती, सत्कार, भाषणे यांनंतर साडेनऊला पडदा उघडणारी मंडळे पाहिली की जीव तुटतो. आधी एकांकिका, मग सत्कार.

प्रश्न : आमची मुले बेळगावी बोलतात, मधूनच कन्नड येते. स्पर्धेचे परीक्षक कोल्हापूर-पुण्याचे. प्रमाण मराठीत करावे का? आणि सेट न्यायचा कसा? (एक वाचक, येळ्ळूर)

उत्तर : बोली ठेवा. ‘काय करूलास’ म्हणणारा मुलगा रडायच्या प्रसंगात अचानक पुस्तकी मराठी बोलू लागला तर परीक्षक तिथेच गुण कापतील, आणि ते योग्यच होईल. पात्राची भाषा शेवटपर्यंत एक हवी. पात्र मास्तरांशी आणि आईशी वेगळे बोलत असेल तर तेही ठरवून, प्रत्येक वेळी तसेच. कन्नड वाक्य आले तर त्याचा अर्थ पुढच्या नटाच्या उत्तरातून किंवा कृतीतून लगेच कळू द्या. बोलीत वेग वाढतो, म्हणून वाक्याचा शेवट गिळला जात नाही ना, हे सभागृहाच्या शेवटच्या रांगेत कोणाला तरी बसवून तपासा.

सेट छोट्या टेम्पोत मावेल एवढाच करा. त्याचा हौदा साधारण सात फूट लांब आणि पावणेपाच फूट रुंद असतो, म्हणून फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंतीचा सुटा तुकडा, सहा बाय चार फुटांपेक्षा मोठा नको. दीड फुटाचे तीन ठोकळे आणि एक बाक यांतून ओटा, खाट, दुकान सगळे होते. लावण्या-काढण्याचा वेळ बहुतेक ठिकाणी मोजून देतात, तेव्हा ती तालीमही घड्याळ लावून करा.

प्रश्न : सातवीतल्या मुलीला एकटीने काही सादर करायचे आहे. एकांकिका झेपेल का? (एक शिक्षिका, चिकोडी)

उत्तर : नाट्यछटा द्या. लेखक दिवाकरांनी 1911 पासून लिहिलेल्या नाट्यछटा चार-पाच मिनिटांच्या, एकाच पात्राच्या तोंडच्या, समोर कोणीतरी आहे असे धरून बोललेल्या आहेत. न दिसणाऱ्या माणसाची जागा आणि उंची तिला आधी ठरवू द्या. तिथे एक खुर्ची ठेवून आठवडाभर सराव, मग खुर्ची काढायची. नजर इकडेतिकडे गेली की समोरचा माणूस नाहीसा होतो. दिवाकर 1931 साली गेले, त्यामुळे हक्कांचा प्रश्न नाही. हयात लेखकाची संहिता घेतलीत तर लेखी परवानगी आणि मानधन आधी ठरवा. मंडळाची एकांकिका महाराष्ट्रात न्यायची असेल तर नाटकाच्या संहिता तपासणाऱ्या सरकारी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्रही लागते. त्यासाठी संहिता प्रयोगाच्या पुरेशी आधी पाठवा.