पात्र वाढत नाही, खेळ पुढे सरकत नाही

प्रश्न : फायनल फँटसी १३ या व्हिडिओ गेमचा सातवा चॅप्टर खेळतोय. क्रिस्टेरियम (पात्राची ताकद वाढवायचा तक्ता) भरलं, तरी सीपी (लढाया जिंकून मिळणारे गुण) नुसते साठत राहतात. मारामाऱ्या करून काही उपयोग आहे का? (एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : सध्या तरी नाही. चूक तुमची नाही, रचनाच तशी आहे. पहिल्या दोन चॅप्टरांत सीपी मिळतच नाहीत. तिसऱ्यापासून क्रिस्टेरियमचे टप्पे कथेतल्या ठरावीक बॉसना (मोठ्या शत्रूंना) हरवल्यावरच उघडतात. तोवर जादा लढाया म्हणजे वेळेचा खर्च. साठलेले सीपी मात्र वाया जात नाहीत, पुढचा टप्पा उघडला की लगेच वापरता येतात.

दहाव्या चॅप्टरमध्ये प्रत्येक पात्राला सहाही रोल (लढाईतल्या भूमिका) खुले होतात. इथे पुष्कळ जण फसतात. नवे रोल फार महाग असतात, त्यामुळे सीपी विखुरतात आणि कशातच जोर राहत नाही. आधीचे तीन मूळ रोलच पुरे करा.

खरी वाढ अकराव्यात, ग्रॅन पल्सच्या मोकळ्या प्रदेशात. तिथल्या माहाबारा गुहांच्या वाटेवर बेहेमथ किंग आणि मेजिस्टोथेरियन हे दोन राक्षसी प्राणी आपसांत झुंजत असतात. मागून गाठलंत तर दोघेही स्टॅगरच्या (शत्रू डळमळून जास्त मार खातो त्या अवस्थेच्या) काठावर सापडतात, आणि एका लढाईत सहा हजारांहून जास्त सीपी! थोडं दूर जाऊन परत या, जोडी पुन्हा उभी असते. नंतर मिशन ५५ मधून मिळणारं ग्रोथ एग (अंगावर घालायची वस्तू) घातलं की सीपी दुप्पट.

आत्ता हात मोकळे असतील तर शस्त्रं वाढवा. आधी हाडं-कातड्यांसारखे सेंद्रिय भाग घालून शस्त्राला मिळणाऱ्या अनुभवाचा गुणक तिपटीवर न्या, मगच यंत्रभाग घाला. उलट क्रमाने केलंत तर महागडे भाग फुकट जातात.