मुलाचा आयक्यू 78 आला, तिसरीत असून वाचता येत नाही. हा आकडा कितपत धरायचा?

तुम्ही लिहिलंय की मुलगा साडेआठ वर्षांचा, बोलण्यात चुणचुणीत, वाचनात मागे. शाळेनं आयक्यू काढून आणा म्हटलं, 78 आला. आता हा आकडा खरा धरायचा का आणि आणखी कोणती चाचणी करायची, असं तुम्ही विचारताय. डोळे-कान तपासून झाले असतील असं समजून लिहितो.

आकडा धरू नका. मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर 24 वर्षं मास्तर आहे, आणि 74 हा आकडा माझ्याच घरात येऊन गेलाय.

2011 चा पावसाळा. आमचा धाकटा तिसरीत, माझ्याच शाळेत. रोज रात्री ओसरीवर बसून बालभारतीतला धडा खडाखडा वाचायचा आणि मी वह्या तपासता तपासता 'हं, पुढं' म्हणायचो. एका रात्री लाइट गेली. भारनियमनाचे दिवस, त्यात नवल काही नव्हतं. पण पोरगं थांबलंच नाही. मिट्ट काळोखात चार ओळी पुढं गेलं, स्वल्पविरामाला बरोबर श्वास घेत. मी बॅटरी लावली तर त्याचं बोट पानावरच्या चित्रावर होतं. मग मी वर्गात अजून न झालेला धडा काढला आणि वाच म्हटलं. 'घर'ला 'धर', 'मगर'ला 'भगर'. 'सूर्य'पाशी आला आणि नुसता माझ्याकडं बघत बसला. त्या रात्री मी त्याला मारलं. वर्गातल्या पोरांवर हात न उचलणारा मास्तर म्हणून गावात माझं नाव होतं. ती रात्र मी अजून विसरलेलो नाही.

शाळेत कळलं तेव्हा मुख्याध्यापक सगळ्या स्टाफसमोर म्हणाले, "काय गुरुजी, दिव्याखाली अंधार!" आणि चाचणी करून आणायला सांगितलं. पहाटेच्या एसटीनं शहरात गेलो. पोरगं वाटभर ओकत होतं. पाऊण तासात तपासणी उरकली. 'या दोन वस्तूंतलं साम्य सांग' असले प्रश्न. 'साम्य' हा शब्द त्यानं जन्मात पहिल्यांदा ऐकला होता, त्यामुळं गप्प बसला. परतताना बसमध्ये मी आपलं विचारलं, "विळा अन् कोयत्यात सारखं काय हाय रं?" लगेच म्हणाला, "दोन्हीला धार असती. पण विळ्याला दाते असत्यात, कोयत्याला नसत्यात." फरक मी विचारलाही नव्हता. रिपोर्टात मात्र 74, आणि खाली एकच ओळ: सीमारेषेवरची बुद्धी.

आमचे थोरले बंधू लातूरला शिकवणी घेतात. दादांचं एकच म्हणणं, "पोरगं ढ नसतं, सराव कमी पडतो. माझ्याकडं पाठव, सहा महिन्यांत सरळ करतो." लातूर पॅटर्नचा तेव्हा दबदबाच तसा होता आणि मी खचलेलो होतो. चौथीला जूनमध्ये पाठवला. दिवाळीला आला तो सहामाहीचे चांगले गुण, सात निबंध तोंडपाठ आणि रोज सकाळी उठल्या उठल्या पोटदुखी घेऊन. नवा उतारा पुढं ठेवला तर 'घर'चं 'धर' तिथल्या तिथंच. मी परत लातूरला पाठवला नाही. त्यावरून दादा आणि मी दोन वर्षं बोललो नाही.

खरी तपासणी केली ती तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षिकेनं. चार वेळा आल्या, दर वेळी तासभर, आमच्या ओसरीवर. आधी एक उतारा स्वतः वाचून दाखवला आणि प्रश्न विचारले. त्यानं सगळी उत्तरं दिली, वर 'असं का' म्हणून दोन प्रश्न त्यांनाच विचारले. म्हणजे समजण्यात खोट नव्हती. मग 'टमुक', 'गिळाप' असले अर्थ नसलेले शब्द वाचायला दिले. तिथं पाठांतर चालत नाही, अक्षर फोडूनच वाचावं लागतं. तिथं तो पार अडकला. 'कमळ'मधला 'क' काढला तर काय उरतं? पुष्कळ वेळ गप्प. आकड्यांतही तेच: 'पंचवीस' ऐकून 52 लिहायचा, कारण आपण पाच आधी बोलतो आणि वीस मागून. (2019 ला दुसरीच्या गणितात 'वीस पाच' आलं तेव्हा अख्ख्या महाराष्ट्रानं टिंगल केली. असं एक पोरगं घरात असतं तर केली नसती.) दर वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पोरगं कुठं मोकळं होतं, कुठं अडतं ते बघायचं. मुलगा शिकतो कसा, हे त्यातून कळतं. आयक्यूच्या एका आकड्यातून ते कळत नाही, कारण वेगवेगळ्या भागांचे गुण एकत्र करून तो आकडा निघतो. किनवटचा धो धो पाऊस आणि आष्टीचा तुटपुंजा पाऊस यांची सरासरी काढून पेरणीचा सल्ला दिला तर कोणता शेतकरी ऐकेल?

आता तुमच्या 78 बद्दल, कारण हा आकडा तुम्हाला पुढं नडू शकतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात अध्ययन अक्षमता, म्हणजे समज चांगली असूनही वाचन-लेखन-गणितात अडणं, आली. आधीच्या 1995 च्या कायद्यात 7 च होते, ती नव्हती. पण केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत आयक्यू 85 च्या वर असेल तरच अध्ययन अक्षमतेची पुढची तपासणी व्हायची. बौद्धिक अक्षमता धरतात ती साधारण 70 च्या खाली. मधलं पोरगं कोणाच्याच यादीत बसायचं नाही. म्हणून रिपोर्टातले भागवार गुण मागून घ्या, चाचणी कोणत्या भाषेत झाली ते विचारा आणि शंका असेल तर काही काळानं दुसरीकडं करून घ्या. आमच्या मुलाची आठवीत पुन्हा झाली तेव्हा 91 आला. त्यावरून अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळालं आणि दहावीच्या परीक्षेत त्याला ताशी 20 मिनिटं जादा मिळाली. वाचनासाठी डाली नावाची चाचणी आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं 2015 मध्ये आणली, पहिली ते पाचवीसाठी, आणि मराठीतही आहे. मराठी पोराची वाचनाची तपासणी इंग्रजीतून करणाऱ्याकडं जाऊच नका.

आमच्या भागात आणखी एक घोळ होतो. दसरा-दिवाळीनंतर अर्धा वर्ग आईबापाबरोबर कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जातो, उन्हाळ्यात परततो. त्या लेकरांना वाचता येत नाही म्हणून अक्षमतेचा शिक्का मारणं हा अन्याय. पण सगळंच ऊसतोडीवर ढकललं की त्यांच्यातलं खरोखर अडणारं पोरगं निसटतं. दोन-तीन महिने लहान गटात रोज शिकवून बघावं. शाळा बुडालेलं पोरगं भराभर पुढं सरकतं, दुसरं त्याच अक्षरापाशी थांबतं. पहिल्याला शाळा हवी, दुसऱ्याला तपासणी.

दादा अजून म्हणतात की त्यांच्या सहा महिन्यांनी पाया घातला. नाही घातला. सरावानं जे पोरगं सुधारतं ते सरावानं सुधारावं, त्याला माझा विरोध नाही. पण जे पोरगं पाठांतराच्या आड लपतं, त्याला आणखी पाठांतर देणं म्हणजे लपायला आणखी दाट झाडी देणं. तुमच्या घरातही कुणी 'शिकवणी लावा, होईल' म्हणत असेल. त्यांना अनोळखी उतारा वाचून घ्यायला सांगा आणि तुम्ही शेजारी बसा.

मी मानसशास्त्रज्ञ नाही, हे आधीच सांगायला हवं होतं. सगळे रिपोर्ट खोटे असतात असंही नाही, कधी 78 हा खरंच 78 असतो, आणि तेव्हाही मूल शिकतंच, सावकाश. माझा अनुभव वाचनाच्या अडचणीपुरता आहे. नजर न देणारं, आपल्यातच रमणारं मूल असेल तर त्याची तपासणी वेगळी, स्वमग्नतेची (ऑटिझमची), 40 मुद्द्यांची आयसा नावाची. त्यासाठी जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जा. प्रमाणपत्राचे नियम बदलतात, जाण्याआधी आजचे विचारून घ्या.

आणि शाळेत रिपोर्ट देताना आकड्याचं पान देऊ नका, काय मदत करायची ते लिहिलेलं पान द्या. मी सगळा रिपोर्ट देऊन बसलो होतो. नंतर एकदा कपाट आवरताना त्या सालचा तिसरीचा हजेरीपट हाती लागला. माझ्या मुलाच्या नावापुढं कुणीतरी पेन्सिलीनं बारीक 74 लिहून ठेवलं होतं.