शॅपेरोनला मराठीत काय म्हणावं?

परळच्या एका प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. प्रथिनांच्या 'फोल्डिंग'ला मदत करणाऱ्या 'शॅपेरोन' प्रथिनांची जनुकं 'फ्लुओरेसंट डीएनए प्रोब' वापरून कशी शोधतात, हे त्यांना बारावीच्या मुलांना मराठीत सांगायचं आहे. त्यांनी केलेला मथळा असा: 'प्रथिन घडीकरणातील सहचर जनुकांसाठी चमकणारे डीएनए अन्वेषक'. हे बरोबर आहे का, आणि मुलांना कळेल का?

ताई, 'सहचर'पासून सुरुवात करतो, कारण तिथे मराठीजवळ फार नेमका शब्द आहे: पाठराखीण.

नवी नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की माहेरची एक जाणती बाई तिच्याबरोबर जायची. माझ्या आजीबरोबर तिची मावशी गिरगावातून अलिबागला गेली होती. चार दिवस राहिली, पोर नव्या घरात जरा रुळली, आणि मावशी परतली. आता शॅपेरोनचं काम पाहा. रॉन लास्की यांनी 1978 मध्ये न्यूक्लिओप्लाझ्मिन या प्रथिनाच्या संदर्भात हा शब्द योजला आणि 1987 मध्ये जॉन एलिस यांनी तो अशा सगळ्या प्रथिनांना लागू केला, जी दुसऱ्या प्रथिनाला नको तिथे चिकटू देत नाहीत, योग्य आकार घ्यायला मदत करतात, पण तयार झालेल्या रचनेचा भाग होत नाहीत. ही शेवटची अट फार महत्त्वाची. सहचर जन्मभर सोबत असतो, पाठराखीण परत येते. पेशीतलं शॅपेरोनही काम झालं की सुटतं आणि पुढच्या प्रथिनाच्या मदतीला लागतं. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ टोपडं किंवा डोकं झाकणारं वस्त्र. त्यावरून तो तरुण मुलीसोबत वावरणाऱ्या वडीलधाऱ्या बाईला लागला. म्हणजे शास्त्रज्ञांनीही शब्द घरातूनच उचलला. मग आपण आपल्या घरातला का घेऊ नये?

एक अडचण येईल. वर्तमानपत्रांत 'पाठराखण' म्हणजे बहुतेक वेळा कुणाच्या तरी चुकीवर पांघरूण घालणं. मुलांच्या कानावर तोच अर्थ असणार. म्हणून नुसतं 'पाठराखण' न म्हणता 'पाठराखीण प्रथिन' म्हणा आणि नवरीची गोष्ट एका ओळीत सांगा. ज्यांच्या घरात हा शब्द उरलेला नाही, त्यांनाही तो कायमचा लक्षात राहील.

याच कुळातल्या 'हीट शॉक प्रोटीन'चं भाषांतर मात्र कृपा करून 'उष्माघात प्रथिन' करू नका. उष्माघात म्हणजे एप्रिल-मेच्या उन्हात माणूस कोसळतो तो. ही प्रथिनं तर पेशीला उष्णतेत तगवून धरतात. फेरुच्चो रितोसा यांनी 1962 मध्ये फळमाशीच्या गुणसूत्रांवर उष्णतेमुळे आलेले फुगवटे नोंदवले, तिथून या प्रथिनांचा शोध सुरू झाला. 'उष्णता-प्रतिसादी' म्हणा, किंवा सरळ एचएसपी.

'घडीकरण' मला अजिबात पटत नाही. घडी आपल्याकडे 'बसते'. संसाराची बसते, कारभाराची बसते, आणि बिनसलं की विस्कटते. अमिनो आम्लांची लांब साखळी आपल्या ठरावीक आकारात येते, तेव्हा प्रथिनाची घडी बसते. अंडं उकडल्यावर पांढऱ्या भागातल्या प्रथिनांची घडी विस्कटते. अल्झायमरसारख्या आजारांत चुकीच्या घडीची प्रथिनं एकमेकांना चिकटून साठत जातात. तीनही गोष्टी एकाच शब्दात बोलता येतात. फक्त मुलांच्या डोळ्यांपुढे इस्त्रीच्या कपड्यांची सपाट घडी उभी राहू नये. नऊवारीचं उदाहरण द्या: एक टाका न घालता, एकच लांब कापड निऱ्या आणि कासोट्याने अंगाचा आकार घेतं.

'चमकणारे' का नको? आरसा चमकतो, अभ्रक चमकतं. दोन्ही आलेलाच प्रकाश परत पाठवतात. गाड्यांवरच्या ज्या पट्ट्यांना आपण 'रेडियम' म्हणतो, त्याही तेच करतात. फ्लुओरेसंट पदार्थ प्रकाश शोषतो आणि बहुधा जास्त तरंगलांबीचा, म्हणजे वेगळ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकतो. दिवा बंद केला की जवळजवळ त्याच क्षणी विझतो. दुकानाच्या गल्ल्यापाशी जांभळ्या दिव्याखाली नोटेवरचे आकडे उजळतात, ते हेच. यासाठी 'प्रतिदीप्ती' आणि 'अनुस्फुरण' असे दोन्ही शब्द वाचायला मिळतात. मी 'प्रतिदीप्ती' घेईन, कारण त्यापासून 'प्रतिदीप्त' हे विशेषण सहज होतं. इंग्रजी शब्द जॉर्ज स्टोक्स यांनी 1852 मध्ये फ्लोरस्पार या खनिजाच्या नावावरून केला. त्यात प्रकाशाचा उल्लेखही नाही, आपल्या शब्दात आहे.

'प्रोब'साठी सुश्रुतसंहितेत जखमेचा माग घेणारी 'एषणी' आहे. शब्द सुंदर आहे, पण डीएनए प्रोब काही टोचून शोधत नाही. तो डीएनएचाच एक तुकडा असतो. आपल्या पूरक अक्षरांचा क्रम, म्हणजे ए समोर टी आणि जी समोर सी, सापडला की तिथे जुळतो आणि अंगावरच्या रंगद्रव्यामुळे जागा दाखवतो. म्हणून 'शोधतुकडा'. बोलताना खुशाल 'प्रोब' म्हणा. या जुळण्याला 'संकरण' लिहिलेलं दिसतं, पण मुलांना संकरित गाय आठवेल. 'जुळणी' पुरेसं आहे.

आता मथळ्यातली खरी चूक. 'सहचर जनुकं' असं काही नसतं. पाठराखीण असतं ते प्रथिन, जनुक म्हणजे फक्त ते बनवायची पाककृती. शोधतुकड्याला प्रथिनाची घडी दिसत नाही, तो जनुकाचा ठावठिकाणा सांगतो. माणसात एचएसपी 70 कुळातली काही जनुकं सहाव्या गुणसूत्रावर आहेत, तर अशा तुकड्याचा ठिपका तिथे उजळेल. घडी नीट बसली की नाही, हे त्या ठिपक्यावरून कळणार नाही. म्हणून मथळा असा करा: 'पाठराखीण प्रथिनांची जनुकं शोधणारे प्रतिदीप्त डीएनए-तुकडे'.

आणि पुढे 'फिश' तंत्राबद्दल, म्हणजे असे प्रतिदीप्त तुकडे वापरून गुणसूत्रावर जनुकाची जागा पाहण्याबद्दल, बोलताना 'इन सिटू' येईलच. त्यासाठी संस्कृत धुंडाळू नका. आपण रोज म्हणतो ते 'जागच्या जागी' चालेल.