पीसीबी या विषारी औद्योगिक रसायनावर बंदी येऊन 40 हून जास्त वर्षं झाली, तरी डॉल्फिनच्या अंगात ते अजून कसं सापडतं?

कारण बंदी आली तरी माल कुठं गेला नाही ना. पीसीबी ट्रान्सफॉर्मरच्या तेलात, रंगात, इमारतींच्या सांध्यात भरायच्या सीलंटमध्ये वापरलं जायचं, अमेरिकेत 1979 ला बंद झालं, पण जुन्या वस्तूंतून, कचऱ्यातून ते अजून झिरपतंय आणि शेवटी समुद्राच्या गाळात जाऊन बसतं. ते पाण्यात विरघळत नाही, चरबीत मात्र मस्त विरघळतं. त्यामुळे गाळातल्या किड्यातून छोट्या माशात, त्यातून मोठ्या माशात असं प्रत्येक पायरीला वाढत जातं, आणि वरच्या टोकाला असतात डॉल्फिन, ऑर्का (म्हणजे किलर व्हेल), सील, ज्यांच्या कातडीखाली चरबीचा जाड थर आणि आयुष्य कित्येक दशकांचं.

सगळ्यात वाईट मला काय वाटतं सांगू, आईचं दूध. ते प्रचंड फॅटी असतं, त्यातून आईच्या अंगातलं बरंचसं विष पिल्लात उतरतं, पहिल्या पिल्लाच्या वाट्याला तर सगळ्यात जास्त. नराला असं बाहेर टाकायला मार्गच नाही, त्याच्यात साठतच जातं.

2016 च्या जानेवारीत स्कॉटलंडच्या टायरी बेटावर लुलू नावाची ऑर्का मादी मेलेली सापडली. मेली ती मासेमारीच्या दोरांत अडकून, पण तिच्या चरबीत किलोमागे 957 मिलीग्रॅम पीसीबी निघालं. त्रास साधारण 9 पासूनच सुरू होतो असं धरतात! वय किमान 20, आणि अंडाशय तपासल्यावर कळलं की तिला एकदाही पिल्लू झालेलं नव्हतं. तिच्या कळपात तर 20 वर्षांहून जास्त काळ एकही पिल्लू दिसलेलं नाही.